कबड्डीचा पंच: गुणपत्रकापासून सरपंचपदापर्यंत, टप्प्याटप्प्याने

जिल्ह्याची पंच परीक्षा पास झालेली बरीच मुलंमुली पहिल्याच मोसमात शिटी गळ्यात घालून थेट मैदानात उतरतात. दोन-तीन सामन्यांत गोंधळ होतो, प्रेक्षक अंगावर येतात. मग यातले काही पंचगिरी सोडून देतात, तर काही नुसता आवाज चढवून वेळ मारून न्यायला शिकतात. दोन्हींत नुकसान खेळाचंच. नियम यांना पाठ असतात, विचारलं तर घडाघडा सांगतात. चुकतो तो क्रम. शिकण्याचा क्रम चुकतो, आणि चढाई चालू असताना आधी कुठे पाहायचं नि नंतर कुठे, तोही चुकतो.

कबड्डीच्या सामन्याला सहा अधिकारी लागतात: एक सरपंच (म्हणजे सामन्याचा मुख्य अधिकारी), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. या सहा जागांकडे मानाची उतरंड म्हणून पाहू नका, शिकायची पायरी म्हणून पाहा. खालून सुरुवात केली की प्रत्येक जागा पुढच्या जागेची तयारी करून घेते.

## टप्पा १: नियम वाचण्याआधी नियमावली कोणती ते ठरवा

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८, शेवटची काही क्षणांची लढत. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्ट्यात (लॉबीत) गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही तिथे शिरले. आता बाद कोण? एका नियमाने फक्त चढाईपटू, दुसऱ्या नियमाने त्याच्यामागे राखीव क्षेत्रात गेलेले बचावपटूही. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे फिरले, खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

तिथले अधिकारी आंतरराष्ट्रीय दर्जाचे होते. तरीही सामना अडला, कारण कोणता नियम लावायचा यावरच एकमत होईना. गावातल्या मंडळाच्या स्पर्धेत हाच प्रसंग आला तर काय होईल, याचा विचार सामन्याच्या आदल्या दिवशी करायचा असतो.

म्हणून पहिलं काम असं:

१. जिल्हा संघटनेकडून चालू मोसमाची नियमपुस्तिका घ्या. मोबाइलवर फिरणारी जुनी पीडीएफ नको. त्यातल्या दुरुस्त्या कुणी केलेल्या असतात, ते कळायला मार्ग नसतो.

२. ज्या स्पर्धेला जाणार तिचं माहितीपत्रक मागवा. अव्वल पकड (तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेली पकड, जिला एक जादा गुण) धरणार का, तिसरी चढाई म्हणजे आपल्या मैदानी भाषेत थर्ड रेड (सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायलाच हवा) लागू आहे का, बरोबरी झाल्यास काय करणार, वजनाची मर्यादा काय, हे त्यात लिहिलेलं नसेल तर आयोजकांकडून लेखी घ्या.

३. राखीव क्षेत्र, बोनस (समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडल्याचा गुण), हद्दीबाहेर जाणं आणि मोसमात बदललेली कलमं एका कागदावर आपल्या हाताने उतरवा. हा कागद खिशात राहू द्या.

इशारा: प्रो कबड्डी टीव्हीवर पाहून नियम शिकू नका. तिथे रिव्ह्यू आहे, टीव्ही पंच आहे, आणि काही गोष्टी त्या स्पर्धेपुरत्या आहेत. खेळाडू आणि प्रेक्षक तेच पाहून येतात आणि तुमच्याकडे तेच मागतात. तुम्हाला फरक माहीत असेल तर एका वाक्यात सांगता येतो, नसेल तर वाद वाढतो.

## टप्पा २: आधी टेबल, मग शिटी

नव्या माणसाने पहिले काही सामने सहायक गुणलेखक म्हणून करावेत. काम दिसायला साधं: बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने बैठकीच्या जागेत बसवायचे, आणि कुणी अंतिम रेषेबाहेर गेला तर पंचाला खूण करायची. पण हेच काम करताना कळतं की चढाईत दोघे-तिघे एकदम बाद झाले की क्रमाचा गुंता कसा होतो. जो आधी बाद, तो आधी आत येतो. क्रम चुकला आणि संघाचा हुकमी चढाईपटू एक फेरी आधी आत आला, तर पुढचा अख्खा सामना चुकीच्या पायावर उभा राहतो.

नंतर गुणलेखकाची खुर्ची. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक एकच आहे आणि ती पुन्हा पुन्हा होते: बोनस गुणावर खेळाडू आत पाठवणं. बोनसला गुण मिळतो, पण कुणी जिवंत होत नाही. लोणाच्या, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्यावर मिळणाऱ्या दोन जादा गुणांचंही तसंच स्वतंत्र भान ठेवावं लागतं.

हे उदाहरण कागदावर सोडवून बघा. मैदानात सात बचावपटू आहेत. चढाईपटू बोनस रेषा नीट ओलांडतो. परतताना डावा कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो, हात धरून उभ्या असलेल्या बचावपटूंची साखळी येऊन पडते आणि चढाईपटू तिथेच अडकतो. गुण किती? चढाई करणाऱ्या संघाला बोनसचा एक, बचाव करणाऱ्या संघाला पकडीचा एक. चढाईपटू बाद. बचाव करणाऱ्यांचे सातही आत असल्यामुळे जिवंत होणारा कुणी नाही. आता हीच चढाई पाच बचावपटूंवर घडली असं धरा. सहापेक्षा कमी बचावपटू असल्यामुळे बोनस नाही. पकडीचा एक गुण आणि बाहेर बसलेल्यांतला पहिला खेळाडू आत. अशी उदाहरणं स्वतः तयार करून सोडवली की नियम बोटांवर येतात.

वेळेचाही हिशेब इथेच शिका. पुरुष आणि कुमार गटात २०-२० मिनिटांची दोन सत्रं, महिला, कुमारी आणि किशोर-किशोरी गटांत १५-१५ मिनिटांची, मधे पाच मिनिटांची विश्रांती. चढाई ३० सेकंदांची. सत्राची वेळ संपली तरी चालू असलेली चढाई पूर्ण होऊ द्यायची. दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरलेली वेळ दर मिनिटाला मोठ्याने सांगायची. हे गुणलेखकाचं काम आहे आणि ते विसरलं की दोन्ही बाकांवरून ओरडा सुरू होतो.

तपासा: पहिलं सत्र संपताच दोन्ही संघांचे किती खेळाडू आत होते, ते गुणपत्रकावर लिहिलं का? दुसरं सत्र त्याच संख्येने सुरू होतं, आणि पहिली चढाई पहिल्या सत्रात ज्या संघाने केली नव्हती, तो करतो. पाच मिनिटांत हे कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ३: परीक्षा

लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असे तीन भाग डोक्यात धरून तयारी करा. लेखीची तयारी सगळे करतात. तोंडीला घसरतात, कारण कलम सांगता येतं पण प्रसंग सांगता येत नाही. परीक्षक विचारतो, ‘हद्दीबाहेर गेलेल्या बचावपटूने चढाईपटूला धरलं, निर्णय काय?’ उमेदवार हद्दीचा नियम सांगतो, पकडीचा नियम सांगतो आणि थांबतो. उत्तर असं: तो बचावपटू बाद, चढाईपटू नाबाद. आधी निर्णय सांगा, मग कारण. मैदानावरही हाच क्रम असतो.

प्रात्यक्षिकात गुण जातात ते आवाजावर आणि जागेवर. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे. अर्जाची मुदत, शुल्क आणि पात्रता जिल्हा संघटनेत जाऊन विचारा. जिल्ह्यातूनच राज्य परीक्षेची, म्हणजे महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनकडे जाणारी वाट सुरू होते.

## टप्पा ४: सामन्याआधीचा तास

पहिला सामना चारचा असेल तर तीनला मैदानावर पोहोचा. या तासात पुढचे निम्मे वाद मिटतात.

मैदान. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव क्षेत्रं त्यातच आली. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईपटूने ओलांडायची रेषा) ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. महिलांचं मैदान १२ बाय ८. लांबी-रुंदी मोजून थांबू नका, कर्णही मोजा. १३ बाय १० चे दोन्ही कर्ण साधारण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरायला हवेत. एक कर्ण मोठा आणि एक लहान आला तर मैदान तिरकं आखलंय. डोळ्यांना ते दिसत नाही, पण एका कोपऱ्यात बचावपटूला जागा जास्त मिळते आणि दुसऱ्यात कमी.

मॅटवर रेषा पक्क्या असतात. मातीच्या मैदानावर चुन्याची फक्की असते आणि तिची गंमत पहिल्या सत्रातच दिसते. रेषेची जाडी तीन ते पाच सेंटिमीटर हवी. दहा-बारा चढायांनंतर निदानरेषेवरची फक्की पायांनी ओढली जाते, रेषेची कड विरते आणि पाच सेंटिमीटरचा पट्टा वीतभर होतो. मग पाय रेषेवर होता की पलीकडे, हे देवही सांगू शकणार नाही. फक्कीचं घमेलं आणि दोरी टेबलाजवळ ठेवायला लावा, विश्रांतीत निदान, बोनस आणि मध्यरेषा पुन्हा मारून घ्या. सुरुवातीलाच रेषेच्या दोन्ही टोकांना हद्दीबाहेर खुंट्या ठोकल्या असतील तर दोरी लगेच ताणता येते.

मैदानाभोवती पंचाला मागे-पुढे चालायला मोकळी जागा आहे का, तेही बघा. आयोजक हौसेने खुर्च्या रेषेला टेकवून मांडतात. त्या मागे सरकवल्याशिवाय सामना सुरू करू नका.

खेळाडू. नखं वाढलेली नकोत. अंगठी, कडं, साखळी काढलेली हवी. अंगाला तेल किंवा निसरडं काही चोळलेलं नको. हात फिरवून बघा, नुसतं विचारू नका. बनियनवर पुढे आणि मागे ठळक क्रमांक हवा. हा क्रमांक तुमच्या सगळ्यात जास्त कामी येणार आहे.

सहा जणांची बैठक. पाच मिनिटं पुरतात, पण ती हवीतच. कोणता पंच कोणत्या बाजूला, मध्यरेषा कुणी धरायची, निदान आणि बोनस कुणी, ३० सेकंद कुणाच्या घड्याळावर, मतभेद झाला तर एकमेकांना कशी खूण करायची. टप्पा १ मधला खिशातला कागद इथे सगळ्यांना वाचून दाखवा.

इशारा: आपल्या मंडळाचा, आपल्या गावाचा किंवा आपण जिथे सराव घेतो त्या संघाचा सामना घेऊ नका. निर्णय शंभर टक्के बरोबर दिला तरी तो कुणी मानणार नाही. दोन सामन्यांच्या मधे एखाद्या संघाच्या पंगतीत जेवायला बसणंही टाळा.

## टप्पा ५: एक चढाई कशी पाहायची

पंच म्हणून तुमची सगळी कमाई या टप्प्यावर ठरते. ३० सेकंदांत बारा-चौदा गोष्टी घडतात, आणि नवा पंच त्या सगळ्या एकदम पाहायला जातो. त्यामुळे चढाईपटूच्या छातीकडे आणि चेहऱ्याकडे नजर खिळते, पाय सुटतात. पाहण्याचा क्रम असा ठेवा.

एक: मोजणी. चढाईपटू मध्यरेषेकडे निघताच समोर किती बचावपटू आहेत ते मोजा. सहा किंवा सात असतील तर बोनस चालू. मनात ‘सहा, बोनस’ असं म्हणून टाका. चढाई संपल्यावर मोजायला गेलात तर उशीर झालेला असतो, तोवर दोघे बाहेर निघालेले असतात.

दोन: उच्चार. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणाला पाय लागण्याआधी ‘कबड्डी’ सुरू व्हायला हवं. उशिरा सुरू केलं तर चढाईपटूला परत पाठवायचं, समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण आणि चढाईची पाळी द्यायची. गोंगाटात उच्चार ऐकू येत नाही, म्हणून ओठांकडे पाहायची सवय लावा. पण मध्यरेषा ओलांडून झाली की नजर लगेच खाली न्या.

तीन: मागचा पाय. निदानरेषा असो वा बोनस रेषा, पुढचा पाय पलीकडे टेकणं हा निम्माच पुरावा. त्या क्षणी अंगाचा दुसरा कोणताही भाग रेषेच्या अलीकडे जमिनीला लागलेला नसावा. अनुभवी चढाईपटू पुढचा पाय लांब टाकतो आणि मागची टाच उचलतो. बघणाऱ्याला वाटतं, पाय हवेत आहे. पण अंगठ्याचं टोक मातीत रुतलेलं असतं. मातीवर ते कळतं, कारण पाय खरोखर सुटला तर बोटांमागे माती उडते आणि अंगठा टेकलेलाच राहिला तर तिथे फक्त घासल्याची खूण उमटते. मॅटवर अशी खूण मिळत नाही, म्हणून मॅटवर नजर टाचेवर नको, बोटांवर हवी.

बोनस रेषा स्पर्श किंवा झटापट व्हायच्या आधी ओलांडलेली असावी. झटापटीत ओढला जाऊन पाय पलीकडे पडला तर बोनस नाही. निदानरेषा न ओलांडता आणि कुणालाही स्पर्श न होता परतला तर चढाईपटू बाद.

चार: पहिला स्पर्श. कुणी कुणाला आणि कधी? या क्षणी दोन गोष्टी बदलतात. बोनसचं दार बंद होतं आणि राखीव क्षेत्र उघडतं. स्पर्श किंवा झटापट होण्याआधी राखीव क्षेत्रात पाय टाकणारा बाद असतो. नंतर त्या झटापटीत सामील असलेल्यांना ते क्षेत्र वापरता येतं. म्हणून पहिला स्पर्श दिसताच मनात ‘लागला’ असं म्हणा. हा शब्द तुमचं घड्याळ आहे. त्याच्याआधीचं आणि त्याच्यानंतरचं वेगळं ठेवता आलं, तर हांगझोऊसारख्या प्रसंगातही काय घडलं हे तरी ठामपणे सांगता येतं.

पाच: हद्द. चढाई चालू असताना बचावपटूचा पाय हद्दीबाहेर गेला तर शिटी मारू नका. त्याचा क्रमांक मोठ्याने पुकारून त्याला बाहेर काढा. चढाई चालूच राहते. नव्या पंचांच्या हातून इथे हमखास शिटी वाजते, चढाईपटू थांबतो, बचाव करणारे थांबतात, आणि पूर्ण झाली असती ती चढाई पंचाने मोडलेली असते. क्रमांक ठळक हवेत असं वर म्हटलं, ते यासाठी. झटापट चालू असताना मात्र अंगाचा एखादा भाग हद्दीच्या आत जमिनीला लागलेला असेल तर खेळाडू बाद होत नाही, तेव्हा घाईने क्रमांक पुकारू नका.

सहा: मध्यरेषा. झेप घेतलेल्या चढाईपटूची बोटं मध्यरेषेपलीकडे पोचली का, आणि तोवर दम टिकला का, हे एकदम ठरवायचं असतं. एकाच माणसाला दोन्ही दिसत नाही. म्हणूनच दोन पंच असतात.

आता उभं राहण्याबद्दल. रेषा बघायची तर तिच्या सरळ टोकाशी उभं राहावं लागतं. बाजूला तिरकं उभं राहिलात तर हवेतला हात रेषेपलीकडे गेल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात तो चार बोटं अलीकडे असतो. म्हणून मध्यरेषा ज्याच्याकडे असेल त्याने झटापट सुरू होताच मध्यरेषेच्या टोकाशी येऊन स्थिर व्हावं. दुसऱ्याने चढाईपटूबरोबर सरकत निदान आणि बोनस रेषेच्या टोकाशी राहावं. दोघंही झटापटीकडे धावली की मध्यरेषा अनाथ होते, आणि सामना ठरवणारे गुण बहुतेक वेळा तिथेच असतात.

तपासा: चढाई संपल्यावर स्वतःला विचारा, ‘मी निर्णय दिला तेव्हा माझे पाय स्थिर होते का?’ पळता पळता पाहिलेली रेषा विश्वासार्ह नसते.

## टप्पा ६: शिटी, श्वास, खूण, आवाज

क्रम हाच. शिटी वाजवा. एक श्वास थांबा आणि समोरच्या पंचाकडे बघा. मग हाताने खूण करा, गुण कुणाला आणि किती ते दाखवा. बोनससाठी अंगठा वर. शेवटी बाद झालेल्यांचे क्रमांक बाद झाल्याच्या क्रमाने मोठ्याने पुकारा, म्हणजे सहायक गुणलेखकाला विचारावं लागत नाही.

श्वासभर थांबणं नव्यांना जमत नाही. गर्दी ओरडत असते, हात आपोआप वर जातो. पण एकदा खूण केली आणि समोरच्या पंचाने वेगळी केली, की पुढची दोन मिनिटं मैदान तुमच्या हातात नसतं. आधी नजरेने विचारा. तो मान हलवतो, मग हात वर करा. दोघांचं जमत नसेल तर सरपंचाकडे जा, एकमेकांशी मैदानाच्या मधोमध बोलत उभे राहू नका.

शिटीचा आवाज ठरवून घ्या. निर्णयाला आखूड, सत्र सुरू किंवा बंद करायला लांब. शेजारच्या मैदानावर दुसरा सामना चालू असेल तर वेगळ्या आवाजाची शिटी वापरा. दोन शिट्या सोबत ठेवा. थुंकीने किंवा धुळीने शिटी बसते आणि ती नेमकी अटीतटीच्या चढाईला बसते.

## टप्पा ७: कार्ड आणि दबाव

हिरवं कार्ड म्हणजे ताकीद. पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. कार्ड दाखवण्याआधी खेळाडूचा क्रमांक आणि कारण मनात नक्की करा, दाखवल्यावर गुणपत्रकावर नोंद झाली याची खात्री करा. नोंद नसलेलं पहिलं कार्ड दुसऱ्या वेळी सिद्ध करता येत नाही.

केस ओढणं, कपड्याला धरून अडवणं, तोंड दाबून दम तोडणं, पायांची कात्री घालणं, हद्दीबाहेर मुद्दाम ढकलणं हे पहिल्या मिनिटाला झालं तर पहिल्याच मिनिटाला कारवाई करा. ‘सुरुवात आहे, जाऊ दे’ असं म्हणणारा पंच चाळिसाव्या मिनिटाला तेच रोखायला जातो आणि तेव्हा संघ खरोखर म्हणू शकतो की मघाशी चाललं होतं.

बोलायचं ते कर्णधाराशी, तेही थोडक्यात. ‘पाय उचललेला नव्हता, बोनस नाही’, एवढं पुरे. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. निर्णय चुकला असं मनात आलं तरी पुढच्या चढाईत भरपाई करू नका. भरपाईचा निर्णय सगळ्यांना दिसतो आणि तुमच्या आधीच्या सगळ्या बरोबर निर्णयांवर पाणी पडतं.

प्रेक्षक मैदानात आले तर सामना थांबवून सरपंचाजवळ या. पंचांची सुरक्षितता आयोजकांची जबाबदारी आहे, आणि हे मानधन ठरवतानाच बोलून घ्यावं. महिला पंच असतील तर कपडे बदलायची जागा आणि रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यानंतर घरी पोहोचवण्याची सोय हेही त्याच वेळी ठरवा. चांगल्या मुली या दोन कारणांनी पंचगिरी सोडतात, खेळ कळत नाही म्हणून नव्हे.

## टप्पा ८: सामना संपल्यावर

१. गुणपत्रकाची बेरीज गुणलेखकाबरोबर पुन्हा करा. चढाईचे, पकडीचे, बोनसचे, लोणाचे आणि तांत्रिक गुण वेगळे मोजून एकूण जुळतं का बघा. मगच दोन्ही पंच आणि सरपंच सह्या करतील.

२. त्याच रात्री वहीत दोन-तीन चढाया लिहा, ज्यांच्याबद्दल खात्री नव्हती त्या. आपण कुठे उभे होतो ते आवर्जून लिहा. महिन्याभराने वही वाचली की कळतं, शंका एकाच जागेवरून येतात.

३. जमल्यास मोबाइल मध्यरेषेच्या सरळ टोकाशी, हद्दीपासून दूर उभा करून चित्रीकरण करा. ते चित्रीकरण संघांना दाखवण्यासाठी नाही आणि समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी तर नाहीच. आपले पाय, आपली नजर, आपली शिटी तपासण्यासाठी ते वापरा.

## टप्पा ९: सरपंच

पंचाचा निर्णय सहसा अंतिम असतो. दोन पंचांत मतभेद झाला किंवा विशेष परिस्थिती उद्भवली, तरच सरपंचाने निर्णय द्यायचा. बढती मिळालेला नवा सरपंच इथे चुकतो. त्याला सगळं दिसत असतं, म्हणून तो प्रत्येक चढाईत हात वर करतो, आणि मैदानात दोनऐवजी तीन पंच होतात. खेळाडू मग सोयीचा हात निवडतात.

सरपंचाची खरी कामं वेगळी आहेत: वेळ आणि टाइम आउट यांवर लक्ष, बदली खेळाडूंना परवानगी, बाकावरच्या प्रशिक्षकाला आवर, कार्डाच्या नोंदी, आणि पंचांचा सूर बिघडत असेल तर विश्रांतीत त्यांच्याशी दोन शब्द. खेळाडूंसमोर पंचाला दुरुस्त करू नका, आणि विश्रांतीतही ‘तू चुकलास’ म्हणण्याऐवजी ‘मध्यरेषेच्या टोकाला थोडा लवकर ये’ असं सांगा. दुसऱ्या सत्रात त्याला काय करायचं ते त्यातून कळतं.

स्पर्धेत पंचांची नेमणूक करायची वेळ आली तर साखळी सामन्यांत प्रत्येक नव्या पंचासमोर एक जुना पंच लावा, दोन नवे एका सामन्याला नकोत. उपांत्य फेरीपासून नव्यांना गुणलेखनाच्या टेबलावर बसवा, म्हणजे अटीतटीचा सामना जवळून पाहायला मिळतो आणि शिटीचा भार येत नाही. नेमणुकांचा कागद आदल्या रात्रीच सगळ्यांच्या हातात द्या. सकाळी मैदानावर ‘तू घे, मी घेतो’ चालू झालं की टप्पा ४ मधला तास तिथेच संपतो.